कोरडी चकती

जी गोष्ट बायकोला सांगितली नाही, सख्ख्या भावाला सांगितली नाही, ती आधी सांगून टाकतो. नाहीतर गुलाबचाचांबद्दल लिहायला बसलो की मी पुन्हा त्यांच्या गमती सांगत सुटेन आणि ती राहूनच जाईल. अकरा वर्षांपूर्वी डोंगरात गुलाबचाचांची मोजणी चुकली, असं आमच्या मंडळातला प्रत्येक माणूस मानतो. हसत हसत सांगतो. ती चुकली नव्हती. मी खोटं बोललो म्हणून ती चुकलेली दिसली.

आता चाचा कोण, ते.

उचगावात रस्त्याला लागून त्यांचं कातकामाचं दुकान होतं. लाटणी, रव्या, पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, पोरांचे भोवरे, जे लाकूड गोल फिरवून होतं ते सगळं तिथं व्हायचं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, मधोमध मशीन आणि भुश्यात पावलं रुतवून उभे असलेले चाचा. अंगानं काटकुळे. भुवयांवर कायम भुसा, त्यामुळं साठी ओलांडायच्या आधीपासूनच भुवया पांढऱ्या वाटायच्या. गिऱ्हाईक आलं तरी मशीन चालूच. त्या घरघरीवरनं ओरडून बोलायची त्यांना सवय झालेली, म्हणून घरातही ओरडूनच बोलायचे. चाची म्हणायच्या, "ह्यांनी सलाम केला तरी शेजारी बघाय येत्यात, काय भांडण लागलं म्हणून."

लाकडाची पारख ते कानानं करायचे. आलेला ठोकळा दगडी उंबऱ्यावर आपटायचे आणि डोकं वाकडं करून ऐकायचे. "वाळल्यालं लाकूड बोलतंय," म्हणायचे. "वलं गप बसतंय. गप बसल्याल्या लाकडाचं लाटणं केलं की सा म्हैन्यात वाकडं." व्यापारी कितीही शपथा घेऊ देत, चाचा आपले एकदा आपटायचे, आणि निकाल.

असा माणूस डोंगरात कसा आला, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "आयुष्यभर मेल्यालं झाड बघितलं. जित्तं कसं आसतंय ते बघावं म्हटलं की."

आमचं मंडळ म्हणजे फार काही नाही. गणपती पोचवून आलो की वीस-बावीस जणांनी वनखात्याची परवानगी काढायची आणि चार दिवस राधानगरीच्या पलीकडचा घाटमाथा पायी तुडवायचा. मास्तर, शेतकरी, दुकानदार, दोन-चार बायका. म्होरक्या विलासदादा, कोडोलीचा. घरी चौदा म्हशी. त्यांना हाका मारून मारून तयार झालेला त्याचा आवाज एका डोंगरावरून दुसऱ्यावर सहज जायचा. मी भूमापन खात्यात. लोकांच्या जमिनी मोजून हद्दीचे दगड दाखवणं ही माझी नोकरी. म्हणून चाचा मला पहिल्या दिवसापासून 'मोजणीसायेब' म्हणायचे.

ते दिवस असे असतात की पाऊस संपलेला असतो आणि नसतोही. खाली कोल्हापुरात ऊन पडलेलं, आणि वर माथ्यावर ढग जंगलातच येऊन बसलेला. पाऊस पडत नाही, तरी झाडं आपापली गळत असतात. खोडांना हातभर शेवाळ, फांद्यांवर नेची उगवलेली, वाटेवर पालापाचोळ्यात उभ्या राहून डोलणाऱ्या जळवा. दहा पावलांपुढचा माणूस नुसता सावलीसारखा. तिथं माणूस हरवायला चूक करावी लागत नाही. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी पुरतं.

चाचांच्या पहिल्याच वर्षी आमचा एक मास्तर असाच तीन तास हरवला. सापडला तेव्हा एका झाडाला मिठी मारून बसला होता. पुढच्या वर्षी चाचा आले ते जर्मन धातूचा एक डबा घेऊन. डब्यात लाकडी चकत्या. पलंगाच्या पायांची उरलेली टोकं कापून केलेल्या, बिस्किटाएवढ्या, मधोमध भोक, भोकात दोरा. सकाळी निघताना प्रत्येकाच्या गळ्यात एक. संध्याकाळी मुक्कामावर पोचलं की प्रत्येकानं आपली चकती आपल्या हातानं डब्यात टाकायची. डबा भरला की माणसं आली.

विलासदादा म्हणाला, "चाचा, मी नावं घेऊन हजेरी घेतो की. ह्यो कशाला उद्योग?"

"नाव घेतलं की शेजारचाच 'हाय, हाय' म्हणतोय दादा. तुमच्या हजेरीत मास्तर व्हता का न्हाय?"

होता. हजेरीत मास्तर होता आणि जंगलात झाडाला मिठी मारून बसलेला. विलासदादानं आपली चकती गळ्यात घातली.

दुसरा नियम काठीचा. कुणाला वाटेवरून बाजूला जायचं असलं तर आपली काठी वाटेवर आडवी टाकून जायचं. चाचा सगळ्यांच्या मागं. आडवी काठी दिसली की ते तिथं बसून राहणार, काठीचा धनी परत येईपर्यंत. चाचांच्या मागं कुणी राहायचं नाही, हा तिसरा नियम. पण तो सांगावा लागायचा नाही. "माज्या म्होरं समदी," ते म्हणायचे, "माज्या मागं फकस्त डोंगूर."

एकदा मात्र त्यांच्या मागं एक जण आला. गवा. कारवीच्या झुडपांतून वाटेवर उतरला आणि चाचांच्या मागून सावकाश चालायला लागला. आम्ही पुढच्या वळणावरून बघतोय. चाचांनी मान न वळवता, पाऊल न वाढवता, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हटलं, "पावणं, तुमास्नी चकती दिल्याली न्हाय. तुमी आपलं घराकडं जावा." गवा थोडा वेळ उभा राहिला आणि खरंच खाली उतरून गेला. त्या मुक्कामावर चाचांनी डबा दोनदा मोजला. म्हणाले, "न्हाय म्हटलं, त्यानं बी टाकली आसंल तर."

शैलाताई हायस्कुलात शिकवतात. पहिल्या वर्षी आल्या तेव्हा अंगानं जड, दमानं बेजार. चढावर त्या थांबल्या की चाचाच आधी मटकन खाली बसायचे. "ताई, जरा थांबशीला काय? माजा गुडगा धरलाय." चार चढांवर चार वेळा गुडघा धरला. शैलाताई बिचाऱ्या त्यांना आयोडेक्स देत होत्या. मुक्कामावर पोचल्यावर त्यांनी बघितलं, तर चाचा दोन्ही हातांत दोन घागरी घेऊन झऱ्याकडं उड्या मारत उतरताहेत. ताई आजही हे सांगताना हसतात आणि मग चष्मा पुसतात.

पाठीवरच्या पिशवीत चाचींनी दिलेले चोंगे असायचे, गूळ घातलेले, जाड, दाताला काम लावणारे. ते चाचा स्वतः कधी खाताना दिसले नाहीत. जो सगळ्यात मागं रेंगाळेल त्याला एक मिळायचा. त्यामुळं कधीकधी तरणी पोरंही मुद्दाम मागं राहायची. चाचा ओळखायचे. त्यांना चोंगा मिळायचा, पण त्याबरोबर चाचांची पिशवीही उचलावी लागायची.

मोठ्या झाडापाशी आले की खोडावर तळवा ठेवून उभे राहायचे. एकदा एका अंजनीला असे टेकले होते. म्हणाले, "लाटणी लई झाली आसती ह्याची." आणि लगेच दोन्ही कानांना हात लावून, "तोबा, तोबा."

आता तो दिवस.

तिसरा दिवस होता. आम्ही तेवीस जण. सकाळ कोरडी गेली; सड्यावरनं, उघड्या कातळावरनं चालताना चक्क ऊन होतं. दुपारी वाट एका डांबरी रस्त्याला छेदून पलीकडच्या जंगलात शिरते. तिथून अडीच-तीन तास सरळ चढ, एक ओढा, आणि मग धनगरवाड्यावर मुक्काम. डांबरी रस्ताही लांबून वळसा घालून त्याच धनगरवाड्याजवळ जातो. म्हणजे चालणाऱ्याला तीन तास आणि गाडीला पाऊण.

माझ्या टाचेचं कातडं गेलं होतं. पण टाचेचं नाव कशाला सांगू. मी दमलो होतो, आणि पुढं जंगलावर काळाकुट्ट ढग बसलेला दिसत होता. हे मी कुणाला म्हटलं असतं तर विलासदादानंच मला गाडीत बसवून दिलं असतं. पण आदल्या वर्षी असाच एक दुकानदार दमून एस.टी.नं मुक्कामावर आला होता, आणि त्याचं नाव आम्ही 'एस.टी.' ठेवलं होतं. ठेवणाऱ्यांत मी पहिला. आमच्याकडं नाव ठेवलं की ते माणसाच्या आधी घरी पोचतं. त्याच्या मुलीच्या लग्नात, अक्षता टाकताना, मागून कुणीतरी म्हणालं, "एस.टी. आली का वेळेवर?" मीही हसलो होतो.

रस्त्याच्या कडेला एक पडकी शेड होती. मी तिच्यामागं गेलो. काठी वाटेवर टाकली नाही. बरोबर घेऊन गेलो. पत्र्याच्या फटीतून मी चाचांना रस्ता ओलांडताना बघितलं. सगळ्यात शेवटी, शैलाताईंच्या मागं. ओलांडून झाल्यावर ते थांबले, मागं वळून रस्त्यावर दोन्ही बाजूंना नजर टाकली, आडवी काठी कुठं आहे का बघितलं. नव्हती. मग ते ढगात शिरले. थोड्या वेळानं दुधाचा टेम्पो आला. मी हात केला.

धनगरवाड्यावर पोचलो तेव्हा कुणीच आलं नव्हतं. पहिल्या घरातल्या म्हातारीनं मला मागच्या खोलीत घोंगडं दिलं आणि ती शेरडं आणायला रानात गेली. वाटलं, जरा पडू, मग सगळे आले की हळूच त्यांच्यात मिसळू. मला झोप लागली.

जाग आली ती माझ्या नावाच्या हाकांनी. विलासदादाचा आवाज. बाहेर दिवस होता, पण ढगामुळं दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. पुढच्या खोलीत डबा ठेवलेला, शेजारी शैलाताई पाय शेकत बसलेल्या, पाठ माझ्याकडं. दारातून कुणीतरी सांगत होतं की डब्यात बावीस चकत्या निघाल्या, मोजणीसाहेब नाहीत, आणि चाचा मागं गेले शोधायला.

हे नंतर कळलं ते असं. डबा मोजून झाल्यावर चाचा म्हणाले, "एक कमी." विलासदादा म्हणाला, "असंल की इथंच, कुठल्या तरी घरात. बघूया." चाचा म्हणाले, "म्होरलं तुमी बघा. मागलं मी बघतो." दादा म्हणाला, "च्या तरी घ्या." चाचांनी जळवांसाठी तंबाखूची पुडी तेवढी घेतली आणि गेले. उजेड तासाभराचाच राहिला होता, म्हणून ते थांबले नाहीत.

मी पुढच्या खोलीत आलो. गळ्यातली चकती काढली. शैलाताईंच्या पाठीमागून हात लांब करून डब्यात सोडली. मग दारात जाऊन म्हणालो, "काय रे, कोण हाका मारतंय? मी हितंच हाय की."

विलासदादा माझ्याकडं बघतच राहिला. "कवा आलास?"

"सगळ्यांच्या आधी. पुढं होतो मी."

"चकती?"

"मघाशीच टाकली की. बघा डब्यात."

कुणीतरी मोजली. तेवीस.

एवढंच. चार वाक्यं. मोजणीच्या दगडाला हात लावून सांगतात तसं सांगितलं, आणि लोकांनी मानलं, कारण मी सरकारी मोजणीवाला, आणि चाचा अडुसष्ट वर्षांचे. "वय झालं चाचांचं," कुणीतरी म्हणालं. विलासदादा उंचावर उभा राहून चाचांना हाका मारायला लागला. पण ढग हाक गिळतो. म्हशींना आणणारा तो आवाज समोरच्या झाडापर्यंत गेला असेल नसेल.

आम्ही चौघं आणि दोन धनगर खाली उतरलो. ओढ्यापाशी ते सापडले. दगडावरून पाय सरकून पडले होते, उजवी मांडी विचित्र वळलेली, निम्मे पाण्यात. तशातही काठी त्यांनी वाटेवर आडवी टाकली होती. ती दिसली म्हणून तर आम्ही थांबलो.

मी सगळ्यात पुढं होतो. चाचांनी माझ्याकडं बघितलं. तोवर त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"हाईस न्हवं?" म्हणाले. "मग झालं."

घोंगड्याची झोळी केली, बांबूला बांधली, आणि त्यांना वर आणलं. वाटेत त्यांनी एकदाही 'आई गं' म्हटलं नाही. एकदा फक्त शैलाताईंना म्हणायचे तसं म्हणाले, "जरा थांबशीला काय? माजा गुडगा धरलाय." धनगर हसले. मी हसू शकलो नाही.

जीप यायला वेळ होता. चुलीजवळ त्यांना निजवलं. ते म्हणाले, "माजा डबा."

विलासदादानं समजावलं, "चाचा, तेवीस हाईत. आमी मोजल्यात. तुमची नजरचूक झाली. सोडा की आता."

"माजा डबा," चाचा पुन्हा म्हणाले.

डबा दिला. त्यांनी सगळ्या चकत्या पोटावर ओतल्या आणि पडल्या पडल्या एकेक उचलून डब्यात टाकायला लागले. त्या तीन तासांच्या चढात ढगानं आमच्या लोकांना नखशिखांत भिजवलं होतं. गळ्यातल्या चकत्या भिजून फुगल्या होत्या, काळ्या पडल्या होत्या. डब्यात पडताना प्रत्येकीचा आवाज मऊ, मातीचं ढेकूळ पडल्यासारखा. थप. थप. थप. मग एक पडली, ती खणकन वाजली.

चाचांचा हात थांबला. त्यांनी ती एक चकती डब्यातून परत काढली, अंगठा फिरवला, आणि पुन्हा टाकली. पुन्हा वाजली. त्या खोलीत दहाबारा माणसं होती, सगळी बोलत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. मी चुलीच्या पलीकडं उभा होतो. चाचांनी मान वर केली नाही, कुणाकडंही बघितलं नाही. उरलेल्या टाकल्या. झाकण लावलं.

"तेवीस," म्हणाले. "बरोबर हाईत. माजीच चुकी."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, सळई बसली. चाचा चालायला लागले, पण काठी घेऊन, आणि डोंगर संपला. मशीनपुढं उभं राहणंही जमेना. मग त्यांनी स्वतःच एक उंच स्टूल कातलं आणि त्यावर बसून काम करायला लागले.

जे नाव मला पडायचं होतं, ते त्यांना पडलं. 'एक कमी'. चहाच्या टपरीवर माणसं हाक मारायची, "काय चाचा, एक कमी का?" चाचा म्हणायचे, "व्हय की. साखर कमी हाय, वाईच घाल." लग्नाकार्यात, पंगतीत, कुणी जागा मोजत असलं की, "चाचांस्नी इचारू नका रं!" सगळे हसायचे. प्रेमानंच हसायचे, हे खरं आहे. मीही दर वेळी सगळ्यांबरोबर दात दाखवायचो.

पुढच्या वर्षी मंडळानं त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, गुच्छ. विलासदादानं भाषण केलं, गव्याची गोष्ट सांगितली, गुडघ्याची सांगितली, आणि शेवटी हसत म्हणाला, "एकदा मोजणी चुकली, पर त्येवढं चालतंय. आता चाचांनी आराम करावा." टाळ्या. चाचा शाल सावरत उभे राहिले. त्यांना भाषण येत नव्हतं. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि दुसऱ्या रांगेत बसलेल्या मला हाक मारली.

"मोजणीसायेब, हिकडं या. हितनं म्होरं मागं तुमी ऱ्हायाचं."

विलासदादा म्हणाला, "चाचा, ह्यो तर सगळ्यांच्या म्होरं पळतोय!"

पुन्हा हशा. चाचा ओरडून बोलणारे, पण तेव्हा डबा माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, मला एकट्याला ऐकू येईल असं, "ह्यातली एक बोलती. ती शेवटी वाट." म्हणजे सगळ्यांना वाटून झाल्यावर उरलेली, शेवटच्या माणसाची. माझी.

मग दहा वर्षं मी मागं राहिलो. खरंच राहिलो. मागं राहिल्यावर कळतं की चाचा काय करत होते. पुढच्याचा श्वास ऐकून थांबायचं, पण त्याच्यासाठी थांबलो असं दाखवायचं नाही. आता माझाही गुडघा धरतो. चोंगे चाचीच करून द्यायच्या.

दर दोन-तीन महिन्यांनी मी उचगावला जायचो. सांगायचं ठरवून जायचो. दुकानाच्या दारात उभा राहिलो की चाचा वर बघायचे आणि मशीन बंद करायचे. एकदम शांत व्हायचं. त्या शांततेत माझ्या तोंडून यायचं, "चाचा, एक लाटणं पाहिजे होतं." ते मान हलवायचे, "कसलं करू? जाड का बारीक?" आमच्या घरात आज अकरा लाटणी आहेत. बायको म्हणते, "तुम्ही लाटणी खाता काय हो?" लग्नांत आहेर म्हणून दिली ती वेगळी.

गेल्या थंडीत चाचा गेले. आठ दिवस ताप, मग झोपेतच. मातीला सगळं मंडळ होतं. विलासदादा पोरासारखा रडला. चाळिसाव्याला मी घरी गेलो तेव्हा चाची मशीनवरचा भुसा पुसत होत्या. मला स्टुलावर बसवलं, चहा दिला.

म्हणाल्या, "एक इचारू? तुमी आलासा की ते मशीन का बंद करायचे? पोराचं लगीन ठरवाय पावणं आलते तवा बी मशीन चालू व्हतं. डागदर आला तरी चालू. तुमी एकलं आलासा की बंद."

मी म्हणालो, "माहीत नाही चाची."

"मी त्यास्नी इचारल्यालं. म्हणाले, त्याला काय तरी सांगायचंय. हळू बोलतोय त्यो, मशीनमधी ऐकू यायचं न्हाय." चाचींनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला. "मग तुमी लाटणं घेऊन जायचासा. आणि ते पुन्यांदा मशीन चालू करायचे. म्हणायचे, आज बी ऱ्हायलं त्याचं."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. चाचींना. मी उठून पायात चपला घातल्या.

त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या आधीच्या भाद्रपदात. आम्ही डोंगराला निघालो होतो, सकाळी सहाला गाडी उचगावच्या रस्त्यानं चालली होती. दुकानासमोर चाचा काठी टेकून उभे होते, अंगावर सत्काराची ती शाल. विलासदादानं गाडी थांबवायला सांगितली. पोरं खिडक्यांतून ओरडायला लागली, "चाचा, मोजा! मोजा! एक कमी हाय का बघा!" चाचांनी काठी बगलेत धरली आणि खरंच बोट करून एकेक खिडकी मोजत मोजत मागं आले. माझी खिडकी शेवटची. तिथं थांबले.

"किती?" मला विचारलं.

"एकवीस."

"सवताला धरून?"

"धरून."

"हां," म्हणाले. "सवताला मोजायचं इसरू नगंस." आणि खिडकीतून हात आत घालून त्यांनी माझ्या गळ्यातली चकती उचलली, नखानं एकदा वाजवली, ऐकली, आणि सोडून दिली. गाडी निघाली. मागच्या काचेतून मी बघत होतो. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, बोट अजून वर, आणि त्यांच्या मागं कुणी नव्हतं.

यंदा गणपती झाले की आम्ही पुन्हा निघू. डबा माझ्याकडंच आहे. चाचांची मोजणी बरोबर होती, त्या दिवशी बावीसच माणसं चालत आली होती आणि तेविसावा मी टेम्पोनं आलो होतो, हे विलासदादाला, शैलाताईंना, सगळ्या मंडळाला आणि उचगावला जाऊन चाचींना, माझ्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगणं मी चाचांचं देणं लागतो. लिहिलं, म्हणून ते फिटलेलं नाही.